न लावलेली हळद

सुरतेच्या दवाखान्यात मंगलाबाईंच्या उजव्या गुडघ्यातला नवा सांधा काढून टाकला, त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळच्या फेरीला आलेल्या तरुण डॉक्टरने हातातल्या कागदावरची नजर न उचलता विचारलं, "माँजी, घर पे जख्म पर हल्दी और घी लगाया था ना आपने?"

मंगलाबाईंना वाटलं, आपल्याला ऐकू येण्यात काही चूक झाली. त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, मगनकडे पाहिलं. मगनने मान खाली घातली होती.

"कोनी सांगं?" त्यांनी विचारलं.

शहाद्याच्या दवाखान्यातून फाइल मागवली होती, तिच्यात तसं लिहिलं होतं. रुग्णाने घरगुती उपाय केले, जखमेवर हळद-तूप लावलं, सांगूनही तपासणीला आली नाही. खाली डॉ. नवनीत यांची सही.

तोवर मंगलाबाई स्वतःच्या नशिबालाच शिव्या देत होत्या. आता शिव्या द्यायला माणूस सापडला होता.

ब्राह्मणपुरीत त्यांची केळीची आणि उसाची शेती. चाळीस वर्षं वाकून काम केलेले दोन्ही गुडघे झिजले होते, उजवा जास्त. भाऊबीज झाल्यावर शहाद्याला नवनीतच्या दवाखान्यात त्यांनी सांधा बदलून घेतला. डॉक्टर तरुण पण हुशार, हाताला यश असलेला, असं सगळे म्हणत. पहिले आठ दिवस तसंच वाटलं. आठव्या दिवशी दवाखान्यातल्या मुलींनी मंगलाबाईंना नवं लुगडं नेसवलं, केसात गजरा माळला आणि काठीशिवाय चालायला लावून त्याचा व्हिडिओ काढला. मागे गाणं लावलं. मंगलाबाई त्यात लाजून हसल्या होत्या. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला.

बाराव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला ओल दिसली. मगन त्यांना रिक्षात घालून शहाद्याला घेऊन गेला.

"काही नाही काकू, टाक्याची रिॲक्शन आहे," नवनीतने लांबूनच पाहून सांगितलं आणि गोळ्या लिहिल्या.

गोळ्या संपेपर्यंत ओल सुकली. संपल्या की पुन्हा आली. दुसऱ्यांदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या. गुडघा इतका गरम असायचा की वरून ओला पंचा टाकला तर थोड्या वेळात कोरडा. संध्याकाळी अंग फणफणायचं. चौथ्या वेळी मंगलाबाई म्हणाल्या, "डाक्टर, घुडघामा मझार काहीतरी शे. ठणकस." नवनीत फोनवर बोलत होता, त्याने हातानेच थांबा म्हणून खूण केली आणि त्याच गोळ्या जास्त ताकदीच्या लिहून दिल्या. मगनने हात जोडले. पाचव्या वेळी तर नवनीत खोलीबाहेरही आला नाही, चिठ्ठी नर्सने आणून दिली.

जानेवारीच्या शेवटी जखमेच्या कडेला बारीक भोक पडलं आणि त्यातून पू वाहू लागला. मग मात्र मगनने गाडी केली. खापर गावाच्या पुढे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मंगलाबाई ओरडल्या. सुरतेला पहिल्याच दिवशी डॉक्टरने गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं आणि स्पष्ट सांगितलं, "जंतू थेट सांध्यावर बसले आहेत. सांधा काढावा लागेल. आत औषध भरलेला सिमेंटचा ठोकळा ठेवू. सहा आठवडे शिरेतून औषध, मग पुन्हा ऑपरेशन करून नवा सांधा."

"हाई सुई तठे पैला महिनामाच टाकी व्हती तं?" मंगलाबाईंनी विचारलं होतं.

डॉक्टर जरा थांबला. "तेव्हा कदाचित नुसतं धुऊन भागलं असतं," तो म्हणाला.

आणि आता ही हळद.

घरी आल्यावर पुढच्या खोलीत खाट टाकली. पाय काठीसारखा सरळ, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत बांधलेला. दंडात बारीक नळी बसवलेली, तिच्यातून सकाळ-संध्याकाळ औषध द्यायला योगिता यायची. योगिता नवापूरकडच्या डोंगराळ गावातली, ख्रिस्ती घरातली, नर्सिंग शिकून शहाद्यात खोली घेऊन राहणारी. हात धुतल्याशिवाय दाराच्या आत पाऊल टाकत नसे. औषध थेंबथेंब उतरायला तास लागायचा. त्या तासात मंगलाबाई नवनीतचं वाईट चिंतायच्या. त्याच्याच गुडघ्यात पू होवो. त्याला कुणी लांबूनच बघो. तोही पाच वेळा हात जोडून जावो आणि समोरचा फोनवर बोलत राहो. हे त्या मोठ्याने म्हणायच्या. मगन उठून केळीच्या बागेत निघून जायचा.

"मावशी, त्याने बीपी वाढतो," योगिता म्हणाली.

"वाढू दे. तेवढंच जित्तं वाटस."

एक दिवस त्यांनी फडताळातला बिस्किटांचा डबा योगिताकडून काढून घेतला. आत नवनीतच्या पाचही चिठ्ठ्या होत्या, घडी करून ठेवलेल्या. योगिताने त्या खाटेवर ओळीने मांडल्या.

"प्रत्येकीवर तारीख आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही तपासणीला गेला होतात. प्रत्येकीवर जखम ओली असंही लिहिलंय. हळदीचा कुठेच उल्लेख नाही, मावशी. हळद नंतर आली."

"कवय उनी?"

"सुरतेहून फाइल मागितली तेव्हा."

मंगलाबाईंनी पाचही चिठ्ठ्यांच्या परत घड्या केल्या. डब्यात न ठेवता उशीच्या अभ्र्यात सरकवल्या.

मार्चमध्ये एक फोन आला. मुलीचा आवाज होता, गोड आणि घाईचा. येत्या रविवारी सकाळी ब्राह्मणपुरीत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नवनीत सरांचं मोफत गुडघा शिबिर आहे. तुमचा व्हिडिओ लावणार आहोत. तुम्ही गावातल्याच, तर समोर येऊन दोन शब्द बोलाल का? मुलगी नवी असावी, तिला व्हिडिओतल्या बाईचं नाव माहीत होतं, पुढचं काही माहीत नव्हतं.

"येसू," मंगलाबाई म्हणाल्या. "नक्की येसू, बेटा."

मगनला कळलं तेव्हा तो हादरला. "चार लोकसमोर तमाशा नको करू. मोठा मानूस शे तो."

"मन्हा पाय बी मोठाच व्हता, आते दीड इंच कमी व्हई गया."

रविवारी योगिताने सकाळचं औषध लवकर दिलं. मंगलाबाईंनी व्हिडिओतलंच लुगडं नेसायला मागितलं. पट्ट्यांवरून ते बसेना, तेव्हा योगिताने निऱ्या सोडून नुसतं गुंडाळून दिलं. दंडातली नळी झाकायला ती चादर घेऊन आली, तर मंगलाबाईंनी हाताने बाजूला केली. वॉकर टेकत, उजवा पाय नुसता टेकवत, त्या सभागृहाकडे निघाल्या. एरवी पाच मिनिटांची वाट, त्यांना अर्धा तास लागला. शेजारची मीनाबाई वाटेत भेटली. तिचेही गुडघे गेले होते, नाव नोंदवायलाच निघाली होती. तिने काही न विचारता त्यांच्या डाव्या अंगाला चालायला सुरुवात केली.

सभागृहात ऐंशीएक माणसं होती, बहुतेक बायका. भिंतीवरच्या पडद्यावर मंगलाबाई गजरा घालून हसत चालत होत्या. व्हिडिओ संपला, टाळ्या पडल्या. फोनवरच्या त्याच मुलीने माइकवरून सांगितलं, "आणि आता त्या स्वतः आपल्यात आल्या आहेत!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दारातून वॉकरचा आवाज येत होता. टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या.

नवनीत पहिल्या रांगेतून उठून धावत आला. त्याने मंगलाबाईंचा कोपर धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, आज नको. आपण दवाखान्यात बोलू. मी गाडी पाठवतो."

"हात सोड," मंगलाबाई म्हणाल्या. आजवर त्या त्याला 'तुमी' म्हणत होत्या.

मुलीने गोंधळून माइक त्यांच्या हातात दिला. त्या वॉकरवर एका हाताने रेलल्या.

"पडदावर हासनारी बाई मीच शे," त्या म्हणाल्या. "आठवा दिनले काढेल शे तो व्हिडिओ. बारावा दिनपासून जखम ओली. पाच दाव मी याना दारशी गयी. पाच चिठ्ठ्या ह्या देखा. एकदाव बी यानी पायले हात लावा नही. सुरतले मन्हा सांधा काढी टाका. आते मन्हा घुडघामा हाड बी नही आनि लोखंड बी नही, सिमेंट शे."

"काकू, इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं," नवनीत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "शंभरात एखाद्याला होतंच, कितीही काळजी घेतली तरी. हे सुरतेचे डॉक्टरही सांगतील."

"सांगं त्यासनी. माले मान्य शे. त्यानाकरता मी आठे उनीच नही." मंगलाबाईंनी श्वास घेतला. "तू फाइलमा काय लिखं ते सांग. मी जखमले हयद लायी, तूप लायं, तपासाले उनी नही, अशी तू लिखं. या सगळा बायासमोर सांग. मी हयद लायी व्हती का?"

नवनीतने मुलीला पडदा बंद करायची खूण केली.

"सांग ना. लायी व्हती का?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. मीनाबाई उठली, तिने नोंदणीचा कागद टेबलावर परत ठेवला आणि बाहेर गेली. मग तिच्यामागून दुसरी, मग एकदम चार-पाच. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना त्यांच्या सुना हाताला धरून नेत होत्या. नवनीत तसाच उभा होता. मंगलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पाय फुटेल इतका ठणकत होता, पण कितीतरी महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी योगिताकडे शिरा मागितला आणि दोन वाट्या खाल्ला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नवनीत घरी आला. एकटाच होता. मगनने घाईने खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेला. नवनीत खाटेजवळ बसला.

"मी घाबरलो होतो, काकू," तो म्हणाला. "सुरतेहून फोन आला तेव्हा. नवा दवाखाना, सगळं नवं... वाटलं, एक ओळ लिहिली तर कुणाला काय कळणार. चुकलो."

मंगलाबाईंचं काळीज हललं. तो अठ्ठावीस-तीस वर्षांचा दिसत होता, दाढी वाढलेली. त्यांनी तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं.

"लिही दे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आते जे बोलना ते. पाचही तारखा. हयद खोटी शे, अशी. तुन्हा अक्षरमा."

त्याने बॅगेतून लेटरहेड काढलं. मांडीवर ठेवून लिहू लागला. योगिता औषधाची बाटली लावता लावता एकेक चिठ्ठी त्याच्यापुढे धरत होती. चौथ्या तारखेशी तो थांबला, तर मंगलाबाई म्हणाल्या, "त्या रोजले तू फोनवर व्हता. ते बी लिख." त्याने तेही लिहिलं. सही केली. वाचून दाखवलं. मग तो वाकून त्यांच्या डाव्या पावलाला हात लावत म्हणाला, "आता मिटलं ना, काकू?"

"तुनं मिटनं व्हई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी योगिताकडून मेडिकल कौन्सिलला अर्ज लिहून घेतला. सोबत नवनीतचा कागद जोडला.

मगन पहिल्यांदाच चिडला. "दारमा उना, पाय धरा, सोताना अक्षरमा लिखी दिनं. आनि तू त्याच कागदवरी त्याले फासाले निंघनी?"

"त्यानी लिखं म्हनीसन तं पुरावा व्हई गया."

"माफ कर ना त्याले!"

"मी माफ करं, अशी कवय बोलनी?"

मगनने पाकीट पोस्टात टाकायला नकार दिला. म्हणून मंगलाबाई रिक्षात आडव्या बसून शहाद्याला गेल्या. पोस्टाला तीन पायऱ्या होत्या. पहिल्याच पायरीवर वॉकर घसरायला लागला, तेव्हा आतली रजिस्टरवाली बाई स्वतः बाहेर आली आणि तिने उन्हात उभं राहून पाकीट घेतलं, पावती दिली.

एप्रिलच्या शेवटी सुरतेला दुसरा सांधा बसला. या वेळी जखम सुकली. पण गुडघा काटकोनाच्या पुढे वाकत नाही. जमिनीवर बसता येत नाही, बागेत उतरता येत नाही. लंगडतात, काठी घेऊन. गल्लीच्या टोकापर्यंत जातात, परत येतात.

पावसाळ्यात मीनाबाईने गुडघा बदलून घेतला. शहाद्याला, नवनीतकडेच. मंगलाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. ती दारावरून काठीशिवाय चालत जायची, तर त्या दार लावून घ्यायच्या. शेवटी एक दिवस मीनाबाईच आत येऊन बसली.

"तू रागे शे, माले मालूम शे," ती म्हणाली. "पन ऐक. तो आते रोज सोता येस. हातमोजा घालीसन एकेक टाका दाबी देखस. बारावा दिनले मन्ही जखम थोडी लाल व्हयनी, तं लगेच सुई घाली तपासाले धाडी. काहीच नव्हतं. माले नर्सनी सांगं, ब्राह्मणपुरीनी बाई दिसनी का सर पैला फोन ठेवी देस."

मंगलाबाईंनी तिला चहा विचारला.

दिवाळीनंतर कौन्सिलचं पत्र आलं. जानेवारीत मुंबईला सुनावणी, दोन्ही बाजूंनी हजर राहायचं. त्याच आठवड्यात नवनीतच्या घरून फोन आला, त्याची आई रडत होती. मगनने फोन मंगलाबाईंच्या कानाशी धरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. "तुन्हं लेकरू शे, तू रडशीच," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

"मंग?" मगनने विचारलं. "मीनाबाईना पाय बरा व्हई गया. तो सुधरी गया. आते मांगे लेशी ना अर्ज?"

मंगलाबाई खाटेच्या कडेला बसून गुडघ्याचा व्यायाम करत होत्या. पाय मागे ओढायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. दुखलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. सहा, सात, आठ. त्या दहापर्यंत थांबल्या, पाय सोडला आणि पदराने तोंड पुसलं.

"नंदुरबारहून रेल्वेनं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "मन्हं खालना बर्थनं. वर चढाले माले जमनार नही."