हात खिशात

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि डावीकडून उजवीकडे नेली. "मान हलवायची नाही. फक्त डोळ्यांनी बोटांच्या मागे मागे जायचं," त्या म्हणाल्या. मी गेले. थोड्याच वेळात माझा उजवा हात आपोआप पुढे सरकला आणि खुर्चीची कड घट्ट धरून बसला. माझी पाचावर धारण बसली होती.

"थांबू या का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला क्रेन बाजूला घ्यायला सांगताय," मी म्हणाले. "आणि खाली कोण उभं आहे ते मला दिसत नाहीये."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी तडक चपला घालून निघून आले असते.

मी कारखान्यात क्रेन चालवते. चालवायचे, असं म्हणा. छपराखाली काचेची केबिन, तिच्यात मी, आणि खाली हुकाला लटकलेल्या पोलादी तुळया. गोंगाट इतका की खालून कोणी गळा फाडला तरी वर ऐकू येत नाही. म्हणून सगळं बोलणं हातांनी. बोट वर करून फिरवलं की माल उचल, दोन बोटं आडवी नेली की बाजूला घे, तळहात जमिनीकडे करून हलवला की उतरव, मूठ वळली की थांब. आणि खुणा करणाऱ्याला खूण करायची नसेल तेव्हा हात खिशात. कान खाजवायचा झाला तरी आधी मूठ दाखवायची. बाकीच्या जगात खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या माणसाला आळशी म्हणतात, आमच्याकडे शहाणा म्हणतात.

माझ्या क्रेनखाली खुणा करायला माझा धाकटा भाऊ असायचा. त्याला सगळे पंखा म्हणतात. बोलायला लागला की त्याचे हात असे गरगरतात की आईनेच ते नाव ठेवलं. त्याच्या शेजारी पाण्याचा पेला ठेवायची सोय नाही. पण कामावर मात्र हात खिशात. निदान मी तरी तसंच समजत होते.

उन्हाळ्यात एक तुळई त्याच्या डाव्या पायावर उतरली. पायाची तीन बोटं गेली. मला आठवत होतं ते एवढंच, की त्याचं तोंड उघडं होतं, आवाज ऐकू येत नव्हता, आणि माझा हात क्रेनच्या दांड्यावर होता. त्याच्या आधीचं सगळं कोरं. चौकशीत तो म्हणाला, मला काही आठवत नाही. मीही तेच म्हणाले. साहेबांनी ठरवलं की खूण नसताना माल उतरवला गेला. उतरवला गेला म्हणे! वर माझ्याशिवाय काय भूत बसलं होतं?

मला गोदामात हातमोजे वाटायला बसवलं. तिथे बसून मला हाताचीच धास्ती बसली. रस्त्यात कोणी कोणाला हात हलवून निरोप दिला की मी पलीकडच्या बाजूला जायचे. आई टेबल पुसायला लागली की मी दुसऱ्या खोलीत जायचे. डोळे मिटले की वाटायचं, मी पुन्हा दांडा ओढणार आणि खाली पुन्हा पंखाच असणार.

आणि तो बरा होऊन साहेबांना सांगून आला, "ताई वर असेल तरच मी खाली उभा राहीन." झालं! मी केबिनमध्ये बसू शकले नाही तर तोही घरी बसणार. म्हणून कारखान्याच्या डॉक्टरांनी मला मनाचे आजार बघणाऱ्या या बाईंकडे पाठवलं.

पहिल्या दिवसानंतर त्यांनी हात बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. सांगितलं, "जे आठवलं की भीती वाटते ते मनात धरायचं आणि डोळे फिरवत राहायचं. आठवण पुसली जात नाही, पण तिची धार कमी होते." मला वाटलं, जखम मांडीला आणि मलम शेंडीला! पण गोदामात जन्म काढण्यापेक्षा पेन्सिल बरी. पेन्सिल जायची, यायची, थांबायची. "आता काय येतंय?" त्या विचारायच्या. कधी नुसतं रडू यायचं. एकदा तुळईवरचा गंज दिसला, इतका स्पष्ट की नखाने खरवडावा. त्या दिवशी घरी आई टेबल पुसत होती आणि मी तिथेच बसून राहिले.

मग मीच म्हणाले, आज पेन्सिल नको, हात चालेल.

बोटं फिरायला लागली. मी त्यांच्यावरची नजर सोडली नाही. आणि मला तो दिसला. पंखा. खाली उभा, हात खिशाबाहेर. मांडीजवळ एक गांधीलमाशी घोंघावत होती आणि तो तिला हाकलत होता. तळहात जमिनीकडे. खाली, खाली, खाली.

मी मोठ्याने रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला बोलू? "मी खूण बघूनच उतरवलं होतं," मी सांगत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं. "तुम्हाला हलकं वाटतंय ते खरं आहे," त्या जपून म्हणाल्या. "पण जे दिसलं ते तसंच घडलं होतं, असं मी म्हणणार नाही. हा पुरावा नव्हे."

घरी आले तेव्हा पंखा खोलीत येरझाऱ्या घालत होता, नवा बूट सरावाचा व्हावा म्हणून. हात गरगरत होते. कामावर परत गेल्यावर कोण काय म्हणेल याचं सगळं नाटक तो एकटाच करून दाखवत होता. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी गांधीलमाशी होती का रे?"

त्याचे हात हवेत थांबले. मग हळूच खाली आले आणि खिशात गेले.

मला दुसरा पुरावा नको होता.

"तुला आठवत होतं," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

"ताई, माझी नोकरी गेली असती."

"आणि मी? मी झोपत नव्हते, ते तुला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं!"

"म्हणूनच तर साहेबांना म्हणालो, ताईच वर हवी." तो जमिनीकडे बघत होता. "आता सांगणार आहेस?"

इतके दिवस मूग गिळून बसला होता, आता बसू दे मला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्याचे हात त्या संध्याकाळी खिशाबाहेर आले नाहीत, आणि घर इतकं शांत झालं की आईने दोनदा विचारलं, भांडलात का.

कामावर परतले त्या पहिल्या दिवशी, साहेबांना काहीही न सांगता, मी शिडी चढले. केबिनमध्ये बसून छपराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश डोळे फिरवले, बाईंनी शिकवलं होतं तसे. मग भोंगा वाजवला. खाली पंखा उभा होता, हात खिशात.

बराच वेळ हात बाहेर येईना. बाकीचे कामगार त्याच्याकडे बघायला लागले. शेवटी एक हात निघाला, बोट वर होऊन फिरलं, आणि ते बोट थरथरत होतं. एवढ्या उंचीवरून मला ते दिसलं.

मी तुळई वीतभर उचलली. लगेच त्याने मूठ वळली. थांब. कशासाठी? काहीच अडलेलं नव्हतं. साखळी सरळ होती, वाट मोकळी होती. मग माझ्या लक्षात आलं की तो मालाकडे बघतच नव्हता. मान वर करून तो माझ्याकडे बघत होता. माझ्या भावाला माझी भीती वाटत होती.

मी थांबले. खाली त्याची मूठ अजून तशीच होती. मी दांड्यावरच्या माझ्या हाताकडे बघितलं. तो जरासुद्धा कापत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.