साहेबांनी गिळलेलं ‘होतं’

चौकशीचा कागद इंग्रजीत होता. सही मात्र कुठल्याही भाषेत चालणार होती. असल्या कागदांवर आपण सगळेच डोळे मिटून सह्या करतो, मंडळी, आणि मग कपाळाला हात लावतो.

इस्पितळाच्या लाँड्रीत दोघी जावा कामाला होत्या. तिथे वाफेचा पाइप फुटला आणि धाकटीचा हात कोपरापर्यंत भाजला. थोरली तिथेच चादरींना इस्त्री करायची. पाइपातून वाफ सुटतेय, हे तिने लाँड्रीच्या साहेबांना दोन दिवस आधी सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी पुन्हा आठवण करून दिली, तीही इंग्रजीत, कारण कामगारांची भाषा साहेबांच्या कानाला टोचायची. ‘आय डिड टोल्ड यू,’ ती म्हणाली. साहेबांनी पाइप पाहिलाच नाही, पण ते चुकलेलं वाक्य चहाच्या टेबलावर चवीने चघळलं. लाँड्रीतल्या बायकाही हसल्या. तिचं नावच ‘डिडटोल्ड’ पडलं.

आता अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, ‘व्हेन द पाइप बर्स्ट, द वर्कर इन्फॉर्म्ड मी.’ तू सांगितलंस असंच लिहिलंय, कर सही, असं त्यांनी तिला समजावलं. धाकटीने डाव्या हाताने केव्हाच करून टाकली होती. थोरलीने कागदाची प्रत घेतली आणि शेजारच्या निवृत्त टायपिस्टमावशींचं दार ठोठावलं.

मावशींनी वाक्यावर बोट ठेवलं. “इन्फॉर्म्ड म्हणजे पाइप फुटल्यावर सांगितलंस. हॅड इन्फॉर्म्ड म्हणजे फुटायच्या आधीच सांगितलं होतंस. मेल्याने तुझं ‘होतं’ गिळलंय. म्हणजे उशीर तुझा, दोष तुझा आणि घरीही तूच बसणार.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत त्याच्या इंग्रजीची लक्तरं टांगते, म्हणाली.

“त्याचं इंग्रजी उत्तम आहे गं,” मावशी म्हणाल्या. “तुझं क्रियापद चुकलं, त्यामुळे कुणाचं वाकडं झालं नाही. त्याने मोजूनमापून वापरलं आणि तुझी नोकरी काढायला निघाला. भाषेला हसू नकोस. चोराला धर.”

तिने धरला. तीन जणांच्या चौकशी समितीपुढे तिने साहेबांना ते वाक्य मराठीत सांगायला लावलं. मग विचारलं, “मी सांगितलं ते फुटायच्या आधी की नंतर?”

एक सहायक क्रियापद राहिलंय, किरकोळ चूक आहे, असं साहेब पुटपुटले.

“माझं क्रियापद चुकलं तेव्हा तुम्ही हसलात, साहेब. तुमचं राहिलं तर माझी नोकरी जातेय. हसा की आता.”

धाकटी उठली. “मी न वाचता सही केली, ती परत घेते. ताईंनी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.”

अध्यक्षबाईंनी साहेबांच्याच हाताने ‘हॅड’ लिहून घेतलं, शेजारी त्यांची सही घेतली. इंग्रजीतली तीन अक्षरं, आणि दोष आपल्या मालकाच्या घरी गेला! साहेबांची खुर्चीही गेली. थोरलीला दया आली नाही. का यावी?

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, ज्या बायका तिला हसल्या होत्या त्याच इंग्रजी कागद वाचायला शिकायचं म्हणून वही घेऊन तिच्याभोवती बसू लागल्या. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

तेव्हा मंडळी, इंग्रजीला भिऊ नका आणि तिच्या पायाही पडू नका. कागद पुढे आला की क्रियापदावर बोट ठेवा. कुणी केलं? कधी केलं? उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.