बंधाऱ्याखालचा पवित्र झरा

"सरका, सरका! आधी आजाऱ्यांना येऊ द्या!"

बंधाऱ्याच्या पायथ्याशी अख्खं टल्लाबीन गाव लोटलं होतं. आमच्या दक्षिण गोलार्धातला जानेवारी, म्हणजे भाजून काढणारा उन्हाळा. बंधाऱ्यावरून थेंब सांडत नव्हता, खालचं पात्र कोरडं ठणठणीत, आणि त्या कोरड्या वाळूतून एक झरा उसळत होता. पाणी बर्फासारखं गार. पाण्यासोबत पिठासारखी बारीक वाळू वर यायची आणि कडेला गोल साचायची. त्या झऱ्यात माझा धाकटा भाऊ क्लेम बसला होता. पोलिओने वाळलेला त्याचा डावा पाय आई चोळत होती.

वर एका ओंडक्यावर फिरता धर्मोपदेशक ब्रदर लायनेल पर्फिट उभा. पांढरा सूट, केसांना चोपडलेलं तेल, आणि आवाज लिलावात मेंढ्या विकणाऱ्याचा.

"कोरड्या नदीतून पाणी कुणी काढलं?"

"देवाने!"

"आणि देवाला सांगितलं कुणी?"

"तुम्ही, ब्रदर!"

मी आता म्हातारी झाले, तरी तो आवाज आठवला की माझं डोकं तडकतं.

आमच्या गावाची एक रीत होती. बंधारा उभा होता वाळूवर. पूर आला की वरून कोसळणारं पाणी पायथ्याची वाळू खणून काढायचं. म्हणून पूर ओसरल्यावरच्या शनिवारी प्रत्येक घराने गाडीभर दगड आणून पायथ्याशी टाकायचे. बायका स्कोन नावाचे छोटे पाव भाजून आणायच्या, पत्र्याच्या डब्यात काळा चहा उकळायचा, आम्ही पोरं लहान दगड फेकत पैजा लावायचो. किती सुंदर असायचे ते शनिवार! पण मधली बरीच वर्षं मोठा पूर आला नाही. दगड कशासाठी टाकले होते, हे लोक विसरून गेले.

पर्फिट आला तो पावसासाठी प्रार्थना करायला. पाऊस पडेना, तेव्हा त्याने पायथ्याच्या दगडांकडे बोट केलं. "देवाच्या तोंडावर दगड ठेवून पाणी मागता? उचला ते!" बापजाद्यांनी टाकलेले दगड गावाने हौसेने उचलले, गाणी म्हणत. दगड हटले आणि झरा फुटला. मग काय! झऱ्यातली वाळू तंबाखूच्या डब्यांतून सांधेदुखीवर विकली जाऊ लागली.

त्या दिवशी आमच्या शाळेच्या ऑर्मिस्टनबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी ती वाळू चिमटीत धरून पाहिली आणि आईला म्हणाल्या, "आयव्ही, पोराला बाहेर काढ. हे पाणी बंधाऱ्याच्या खालून येतंय. तू त्याच्या पायाला चोळतेयस ती बंधाऱ्याच्या पायातली वाळू आहे."

"तुम्हाला पोर नाही, बाई," आई म्हणाली. "तुम्हाला काय कळणार?"

बाईंनी बोटांवरची वाळू झटकली. मग म्हणाल्या, "पोर नाही, पण डोळे आहेत. उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायची लाल पूड घेऊन. ती एका जुन्या मोज्यात भरली, मोजा लांब काठीला बांधला आणि बंधाऱ्यावर चढून साठलेल्या पाण्याच्या बाजूने भिंतीच्या तळाशी सोडून हलवला.

"बाई मासे धरतायत वाटतं!" लोकर कातरणारा टॉम स्कली ओरडला. लोक खिदळले.

आणि झऱ्यातून लाल पाणी वर आलं.

सगळे गार पडले. पर्फिट मात्र वस्ताद! धाडकन गुडघ्यांवर बसून ओरडला, "रक्त! देवाचं रक्त!" पाठोपाठ सारं गाव गुडघ्यांवर. स्कलीने टोपी काढली. आई रडत रडत ते लाल पाणी क्लेमच्या पायाला फासू लागली. मला वाटलं, बाई हरल्या.

बाईंनी वरूनच विचारलं, "ब्रदर, देवाचं रक्त लालच असतं ना?"

"लालच, भगिनी! नास्तिकांनाही आता दिसलं!"

"छान. आयव्ही, तू वर ये. हा दुसरा मोजा तूच सोड. मी हात लावत नाही."

आई तरातरा वर गेली, बाईंना खोटं पाडायलाच. तिने मोजा सोडला. मी क्लेमजवळ उभी होते. थोड्या वेळाने त्याच्या गुडघ्यांभोवती पाणी निळं झालं. गडद निळं. त्या मोज्यात बाईंनी निळी पूड भरली होती.

"आई," क्लेम ओरडला, "माझा पाय निळा झाला!"

स्कलीने टोपी परत घातली. "काय हो ब्रदर, आता हे कुणाचं रक्त?"

"सैतान! सैतानाने..."

"सैतान कशाला? पाणीच," बाई म्हणाल्या. "भिंतीमागे साठा उंच उभा आहे, तो खाली दाबतो. पायथ्याचे दगड वाळूला धरून होते, ते तुम्ही काढलेत. मग पाण्याने भिंतीखालून वाट काढली. साठ्याच्या तळातून येतं म्हणून गार. येताना वाळू घेऊन येतं, म्हणून वाट रोज मोठी होते. ही वाळू तुम्ही डब्यात भरून घरी नेताय. भिंतीखाली काय उरणार?"

आई धावत खाली आली. तिने क्लेमला उचललं आणि काठावर नेलं.

त्याच दुपारी लोक दगड परत आणू लागले, पण उशीर झाला होता. टाकलेले दगड झऱ्याचं भगदाड गिळत गेलं. त्याच आठवड्यात, भर दुपारी, बंधाऱ्याचा मधला भाग कण्हल्यासारखा आवाज करत खचला आणि सारा साठा त्यातून निघून गेला. झरा होता तिथे आमचं घर मावेल एवढा खड्डा पडला. क्लेम रोज बसायचा, तीच ती जागा. उन्हाळाभर गाव टँकरचं पाणी प्यायलं. पर्फिट आधीच गाडी पकडून पळाला होता, उरलेले डबे घेऊन. दुसऱ्या गावाने त्याला हार घातले म्हणे.

माझा भाऊ जन्मभर लंगडला. पण लंगडायला जगला.

लोकांनो, जमिनीतून काही उसळलं की गुडघे टेकण्याआधी विचारा, हे कुठून आलं, आणि येताना कुणाच्या पायाखालचं घेऊन आलं? आणि एखादा गोडबोल्या तुम्हाला वाडवडिलांचा दगड काढायला सांगेल, तेव्हा तो तिथे का ठेवला होता ते आधी शोधा. त्याला शोधायची गरज नसते. बंधारा फुटतो, तेव्हा तो खाली उभा नसतो.