मारबतीसोबत गेलेली जाळी

मला काढून टाकलं तर गिरिधररावांना काय काय मिळणार होतं, ते आधी सांगते. उमरेडच्या रस्त्यावरचा चढ चढताना गाडी दमणार नव्हती. पेट्रोल कमी लागणार होतं. एस.टी.च्या मागं धूळ खात जाण्याऐवजी एस.टी.लाच धूळ चारता येणार होती. आणि सगळ्यांत मोठा लाभ असा, की ते नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या गल्लीत शिरले की माणसं हातातलं काम टाकून मान वर करणार होती. एवढं सगळं एक बोल्ट सैल करून पदरात पडत असेल तर कोण सोडील? मीसुद्धा सोडलं नसतं. अडचण इतकीच होती, की त्या बोल्टाच्या पलीकडे मी होते.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली जाळी. नाव जाळी, पण दिसायला मी हातभर लांबीची, अंगभर भोकं पाडलेली लोखंडी नळी आहे. इंजिनातून जळका, तेलकट धूर धडधडत येतो. माझ्या भोकाभोकांतून वाट काढता काढता तो निवतो आणि आपली काजळी माझ्या अंगावर ठेवून बाहेर पडतो. सगळा धूर मी गिळून टाकते असं म्हणणार नाही. तेवढी मोठी मी नाही. पण त्यातलं ओशट, चिकट असतं ते बरंचसं मी अडवते आणि आवाजाची धार बोथट करते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला भोकं पाडली, पत्रा गोल वळवला, कडा जोडल्या आणि मला सायलेन्सरच्या अंधारात सरकवलं. जन्मल्याबरोबर अंधारात जाणाऱ्यांचं कौतुक कोणी करत नाही. लोक टाकीवर हात फिरवतात, हॅन्डल पुसतात, दसऱ्याला हेडलाईटला हळदीकुंकू लावतात. माझ्यापर्यंत कोणाचं बोट कधी पोहोचलं नाही.

गाडी नागपुरात आणली ती मधुकररावांनी. एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे आणि माणूस नकाशासारखाच रेखीव होता. दरवर्षी थंडी पडू लागली की ते मला बाहेर काढत, गोवऱ्यांच्या आरात लालबुंद होईस्तोवर भाजत, दगडावर ठोकून काजळी झाडत आणि पुन्हा जागेवर बसवत. दुखायचं. पण पुढं कितीतरी दिवस अंग हलकं वाटायचं. लोक म्हणायचे, मधुकररावांची गाडी ओरडत नाही, गुणगुणते. माझ्या आयुष्यातली ही एकुलती एक स्तुती, आणि तीही गाडीच्या नावावर जमा झाली.

पुढं मधुकररावांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी गिरिधररावांना दिली. गिरिधरराव सीताबर्डीवरच्या एका लुगड्यांच्या दुकानात होते. उमरेडच्या विणकरांकडून लुगडी आणायचं काम त्यांच्याकडे असे, म्हणून गाडी हवी होती. गाडी देताना मधुकररावांनी सगळं समजावून सांगितलं. पेट्रोलात तेल मापानं मिसळा, जाळी वर्षातून एकदा भाजा. गिरिधरराव मान हलवत होते आणि हेडलाईटच्या कडीत आपला भांग पाहत होते.

गिरिधरराव वाईट नव्हते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्यावर रागवाल. उलट हात जरा जास्तच सैल होता. या गाडीच्या पेट्रोलात इंजिनाचं तेल मिसळावं लागतं. गिरिधरराव मापावर थांबत नसत. जावयाच्या पानात तूप वाढावं तशी वरून आणखी एक धार सोडत. गाडीला ताकद येईल म्हणून. ती सगळी ताकद माझ्या भोकांत येऊन बसली. काही वर्षांत भोकं बुजत आली, धुराला वाट उरली नाही आणि गाडी चढावर धापा टाकू लागली. मला भाजायची वेळ झाली होती, दुसरं काही नाही. पण ते सांगणारे मधुकरराव आता नव्हते, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

समोरच्या घरात भीमाबाई राहत. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गिरिधररावांची बायको चारुलता बाळंत झाली तेव्हा भीमाबाईंनी तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. तेव्हापासून नवराबायको दोघंही त्यांना मावशी म्हणत. त्यांना दमा होता. उमरेडला त्यांचा भाचा धोंडबा कोळशाच्या खाणीत कामाला होता. तो येई तेव्हा एकच लकडा लावी, आत्या, एकटी राहू नको, घराला कुलूप लाव आणि चल. भीमाबाईंचं उत्तर ठरलेलं असे. लग्न होऊन ज्या दाराशी उतरले तिथून मी हलणार नाही. मात्र चूल पेटवायला आणि नळावरून पाणी आणायला श्वास पुरतोय तोवरच हे उत्तर चालणार होतं, हे आत्याला कळत होतं आणि भाच्यालाही. श्वास पुरला तर घर राहणार होतं.

आणि गल्ली इतकी अरुंद, की गिरिधरराव गाडी लावत तेव्हा सायलेन्सरचं टोक बरोबर भीमाबाईंच्या खिडकीखाली येई.

दुकानात शालिकराम नावाचे एक गृहस्थ होते. लुगडी उलगडून दाखवावीत आणि फावल्या वेळात दुसऱ्याला डिवचावं, ही त्यांची दोन कामं. एके दिवशी गिरिधरराव उशिरा पोहोचले तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "गिरिधरभाऊ, हे गाडी हाय का शिलाई मशीन? मांगून आली तं रस्त्यातली बकरी बी सरकत नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी उपायही सांगितला. जाळी काढून टाका. नाक दाबून धावायला लावून राहिले तुम्ही तिले.

पोळ्याला दुकान बंद होतं. गिरिधररावांनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, बोल्ट सैल केला आणि मला ओढून बाहेर काढलं. (त्या सांडशीनं चारुलतेनं पुन्हा दूध उतरवलं नाही, हे वेगळं.) मी काळीकुट्ट, ओशट, उजेडाला भ्यालेली. त्यांनी मला दोन बोटांत धरून बायकोला दाखवलं आणि म्हणाले, हा पाहा गाडीचा खोकला, निघाला एकदाचा. मग किक मारली. गल्लीच्या भिंतींनी तो आवाज एकमेकींवर फेकला. कोणाच्या तरी फळीवरचं झाकण खणखणत खाली आलं. कोपऱ्यावर झूल घालून उभी असलेली बैलजोडी बिचकून मागं सरली. आणि मुलानं पहिला शब्द बोलल्यावर बापानं पाहावं तसे गिरिधरराव गाडीकडे पाहत राहिले.

नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी इथं थोडं थांबते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईची मोठी प्रतिमा, निघते. मोठी मिरवणूक रस्त्यानं जाते. पण त्याआधी पहाटे बायका दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या, फुटकी मडकी, फाटक्या टोपल्या गल्लीच्या टोकाशी, नाल्याच्या काठी टाकून येतात. घरातलं दुखणंखुपणं त्यांच्यासोबत गेलं असं समजायचं. भीमाबाईंनी गल्लीतल्या सगळ्या सुनांना शिकवून ठेवलं होतं, की टाकल्यावर मागं वळून पाहायचं नाही आणि टाकलेलं परत घरात आणायचं नाही.

त्या पहाटे चारुलतेच्या टोपलीत फांद्यांच्या जोडीला मी होते. गाडीचा खोकला म्हणून नवऱ्यानंच मला तिथं ठेवलं होतं. भीमाबाई शेजारून चालत होत्या. इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत, असा सगळ्या जणी गजर करत होत्या आणि त्यात भीमाबाईंचा आवाज सर्वांच्या वर होता. द्यायलाही त्यांच्याकडे सर्वांपेक्षा जास्त होतं. नाल्याच्या काठी फांद्या पडल्या, मी पडले, बायका परत फिरल्या. तेवढ्यात मागच्या बाजूनं कडाड आवाज झाला. गिरिधरराव मिरवणूक गाठायला दुसऱ्या वाटेनं निघाले होते. भीमाबाई दचकल्या आणि त्यांची मान मागं वळली.

मी तिथंच पडून राहिले. आमची गल्ली आखूड आणि सरळ. नाल्यावरून सगळी दारं दिसतात आणि कोणाच्या चुलीवर काय शिजतंय तेही समजतं. त्यामुळं पुढचं सगळं मी पाहिलं.

गाडी ओरडू लागली, पण ओढेना. पेट्रोल तर आधीपेक्षा जास्त पिऊ लागली. मोठा आवाज म्हणजे मोठा वेग, अशी गिरिधररावांची समजूत झाली होती आणि ती मोडायला ते स्वतः तयार नव्हते. रोज सकाळी गाडी तापवायला ते ती खिडकीखाली बराच वेळ सुरू ठेवत आणि मग डबा आणायला आत जात. तेलकट धूर सरळ वर चढे. भीमाबाईंनी खिडकी लावून घेतली. तो दाराखालून शिरला. दिवाळीसाठी रंगवलेल्या भिंतीवर काळा डाग पडला. दमा बळावला. नळावर जाणं बंद झालं, मग चूल बंद झाली. चारुलता दोन्ही वेळचं ताट समोर नेऊन देऊ लागली.

आणि मित्रांनो, कोणाच्याही मनात धूर आला नाही. कारण उत्तर भीमाबाईंनी स्वतःच देऊन ठेवलं होतं. "म्या मांगं वळून पाह्यलं वं बाई," त्या चारुलतेला म्हणाल्या, "म्हून परत आला थो खोकला." साऱ्या गल्लीला ते पटलं. गिरिधररावांचा जीव हळहळला. ते मावशींसाठी थेट सीताबर्डीवरून औषध आणायचे. त्याच गाडीवरून, त्याच खिडकीखाली ती तापवून.

शेवटी त्यांनीच उमरेडला निरोप दिला. धोंडबा रजा टाकून आला. त्यानं भांडी पोत्यात भरली, अंथरूण गुंडाळलं, कुलूप हातात घेतलं. भीमाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. आता त्या नाही म्हणत नव्हत्या. नाही म्हणायलाही श्वास लागतो. गिरिधररावांनी मोठ्या मायेनं सांगितलं, बसस्टँडपर्यंत मीच सोडून देतो, आणि गाडी सुरू केली.

मावशींना जी उबळ आली ती थांबेचना. चारुलता धावली. मावशींनी नाकातोंडाशी धरलेला पदर तिनं सरकवला, तर पांढऱ्या पदरावर काळा ठसा उमटला होता. तिनं पदराकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या डागाकडे. मग सायलेन्सरच्या टोकाकडे.

"बंद करा ते आधी," ती नवऱ्याला म्हणाली. गाडी बंद झाल्यावर ती पुढं हळूच बोलली, तरी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "मावशीचा खोकला मारबतीनं नाही धाडला वापस. तुम्ही रोज सकाळी आणून देऊन राहिले."

गिरिधरराव नाल्याकडे पळत आले. मला पाहिलं, खाली वाकले आणि हात मध्येच थांबला. अशी जाळी आता बाजारात मिळत नव्हती, म्हणजे मला नेणं भाग होतं. पण मारबतीला दिलेली वस्तू परत न्यायची म्हणजे गल्लीचं सगळं दुखणं परत न्यायचं. मागं जमलेल्या बायका तसं कुजबुजतही होत्या. ज्यांनी हा नेम गल्लीला शिकवला त्या भीमाबाई चारुलतेच्या खांद्यावर भार टाकून थांबत थांबत आल्या आणि दगडावर बसल्या. उचलत काहून नाही, असं त्यांनी खुणेनंच विचारलं.

"मावशी, मारबतीले देल्लेलं हाय," गिरिधरराव म्हणाले.

भीमाबाईंनी आधी श्वास गोळा केला. "म्या देल्ला थो खोकला. लोखंड तूनं देल्लं," त्या म्हणाल्या. मग आणखी थोडा गोळा केला. "पायजे असतं तं नेलं नसतं काय गा तिनं? इतके दिस इथंच पडून हाय. तिले बी नको हाय हे. उचल."

गिरिधररावांनी मला उचललं. दुपारी चारुलतेनं अंगणात गोवऱ्या रचल्या आणि कितीतरी वर्षांनी मी लालबुंद झाले, ठोकली गेले, झाडली गेले आणि माझ्या अंधारात परत बसले. तेलही आता मापानं पडू लागलं. धोंडबानं पोत्यातली भांडी पुन्हा फळीवर लावली आणि रिकामं पोतं घेऊन तो एकटाच उमरेडला गेला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. एखादी वस्तू आत, अंधारात, गुपचूप काम करत असेल तर ती निकामी आहे असं समजू नका. ती दमली असेल तर तिला साफ करा. आणि काढून टाकायचीच असेल तर आधी एवढं पाहा, की ती जे अडवून धरते ते सुटल्यावर कोणाच्या खिडकीत जाणार आहे. बहुतेक वेळा ती खिडकी आपली नसते.

आता कोणाचं काय गेलं ते सांगून थांबते. शालिकरामांचं काहीच गेलं नाही. त्यांना दुकानात सांगायला एक गोष्ट मिळाली. धोंडबाची रजा गेली. गिरिधररावांना हवं होतं ते सगळं मिळालं. गाडी चढ चढते, पेट्रोल कमी पिते. त्यांना पडला तो एवढाच भुर्दंड, की रोज सकाळी ते गाडी हातानं ढकलत नाल्यापर्यंत नेतात आणि तिथं किक मारतात. माणसं मान वर करून पाहतात ती तेव्हा. भीमाबाईंचं घर राहिलं, चूलही पेटते. पण त्या दिवसांत जो श्वास खर्ची पडला तो परत भरून आला नाही. सकाळी दारात बसून त्या गिरिधररावांना सांभाळून जायला सांगतात. 'गिरि' म्हणतात आणि तिथं थांबावं लागतं. गिरिधरराव हॅन्डल धरून उभे राहतात, आणि नावाचा उरलेला भाग येईपर्यंत पाऊल उचलत नाहीत.