अजून नाही

लतिकानं बूट काढले आणि सुजलेले पाय पडक्या तटाच्या गार दगडावर टेकवले. यशवंत वरच्या चढावरून हात करत होता.

“अगं, इथून सगळं खोरं दिसतं. आता आलंच!”

“तुम्ही बघून या. मी बसते.”

आठवडाभर इस्पितळाच्या लाँड्रीत उभं राहून चादरींना इस्त्री करायची आणि रविवारी यशवंतबरोबर काहीतरी बघायला निघायचं. स्टुटगार्टला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. तळी झाली, चर्चं झाली, आज हा किल्ला. बुरूज अर्धा ढासळलेला, दरवाजाची कमान तेवढी उभी, आत कमरेएवढं गवत. आपल्या पन्हाळ्यापुढे हा म्हणजे नुसता चौथरा, असं यशवंत बसमध्ये म्हणाला होता. तिला हसायचंही त्राण नव्हतं.

तो खाली येऊन शेजारी बसला. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिला.

“प्रोफेसरांशी बोललो. डॉक्टरेटला अजून दोन वर्षं लागतील म्हणाले.”

“दोन?”

“निदान दोन. दादांना कळवायला हवं. उल्का तिथे मजेत आहेच म्हणा.”

उल्का त्यांची मुलगी. जेमतेम चालायला लागली होती, तेव्हा तिला कोल्हापूरला यशवंतच्या थोरल्या भावाकडे, दादांकडे, जाऊबाईंच्या कडेवर देऊन लतिका बोटीत बसली होती. एका वर्षाचाच तर प्रश्न, असं सगळेच म्हणाले होते. जाऊबाईंना मूल नव्हतं. उल्का आता त्यांनाच आई म्हणते, हे सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं कळवलं होतं.

तेवढ्यात एक छोटी मुलगी पळत आली. तटातल्या जंगीच्या अरुंद भोकातून बाहेर बघायला टाचा उंच करू लागली. हनुवटी काही पोचेना. तिनं वळून लतिकाकडे पाहिलं आणि सरळ दोन्ही हात वर केले.

लतिका अनवाणीच उठली. मुलीला उचलून तिनं जंगीशी धरलं. उल्का आता एवढी जड झाली असेल, की हिच्याहून हलकी? तिला अंदाजच बांधता येईना. मुलगी खाली बोट दाखवून काहीबाही सांगत होती. लतिका तिच्या केसांचा वास घेत उभी राहिली.

मुलीची आई धापा टाकत आली. तिनं हसून आभार मानले आणि विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का?

“नाइन,” यशवंत चटकन म्हणाला. “नोख निख्त.”

नाही, अजून नाही. एवढं जर्मन लतिकाला येत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोऱ्याकडे बघत होता. त्याच्यावर रागवावं असं तिला वाटलं, पण मागच्याच महिन्यात लाँड्रीतल्या बाईनं हेच विचारलं होतं, आणि शब्द जुळवायचा शीण नको म्हणून तिनंही नुसती नकारार्थी मान हलवली होती.

तिनं मुलीला अलगद खाली ठेवलं.

“एक मुलगी आहे,” ती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. “अडीच वर्षांची. उल्का.”

“उल्का,” ती बाई घोळवून म्हणाली. “सुंदर नाव.”

या देशात ते नाव पहिल्यांदाच कुणी परक्यानं घेतलं होतं.

मायलेकी गेल्या. लतिकानं बूट चढवले. उतरताना यशवंत मागून म्हणाला, “सांगत बसायचा कंटाळा येतो गं. मग विचारतात, कुठे आहे, का नाही आणली...”

“ठाऊक आहे मला.”

वळणावर ती थांबली.

“माझं तिकीट काढा. मिळेल त्या पहिल्या बोटीचं.”

यशवंत तिच्यापाशी येऊन थांबला. मग हलकेच म्हणाला, “आणि परत यायचं?”

“ती मला ओळखते का, ते बघून कळवीन.”

त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्याकडे घेतली. खाली रस्त्यावर बस येऊन उभी राहिलेली दिसत होती. दोघांपैकी कुणीच पाय उचलला नाही.