पट्टीखालचा दिवा

लाल, वाटाण्याएवढा, वर्तुळात एक उद्गारचिन्ह — आणि पेटला म्हणावं तोवर विझलेलासुद्धा... तिनं बोट अलगद शालीखाली ओढून घेतलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सिग्नल होता, एक भिंत होती, भिंतीवर कुणीतरी टायर रंगवला होता आणि तोही धड गोल नव्हता.

"पेटला!" शेजारी स्टिअरिंगवर बसलेला नवरा म्हणाला. "आत्ता बघितलास ना?"

"काय?"

"ब्रेकचा दिवा गं. हा, समोरचा."

"मला नाही दिसला."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो त्या काळ्या तबकडीकडे बघत होता. आयुष्यभर वजनमापं तपासण्याची नोकरी केलेला माणूस. यानं शिक्का मारल्याशिवाय बाजारात किलोला किलो म्हणवत नव्हतं. तो आता एका दिव्यापुढे असा बसला होता... आणि तिला आतून गुदगुल्या व्हाव्यात तसं झालं.

निवृत्त झाल्यावर त्यानं राहतं घर विकलं आणि ही मोटरहोम घेतली. तिला विचारलं नाही, सांगितलं. पलंग, ओटा, संडास, सगळं चार चाकांवर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं तो भेटेल त्याला हसून सांगायचा, पण त्या विंचवाला बायको असते का हे कुणी विचारायचं नाही. तिला लेकीच्या शेजारी एक खोली हवी होती. खोलीला खिडकी, आणि खिडकीतून रोज तेच झाड. तिनं रडून बघितलं, अबोला धरून बघितला. शेवटी त्यानंच एक अट घातली होती. ज्या दिवशी गाडीचा भरवसा वाटेनासा होईल, त्या दिवशी विकू. एवढा एकच दरवाजा त्यानं उघडा ठेवला होता, आणि तोही गाडीच्या बाजूनं उघडणारा.

सुरुवात तिनं केली नव्हती. दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा आहे, त्यात एकदा तिच्या पिशवीचा बंद अडकला, दांडा बोटभर उचलला गेला आणि समोर तो दिवा लागला. ब्रेक लागला नाही, गाडी चालतच होती. फक्त दिवा लागला, आणि बंद सुटताच विझला. पिशवीकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा चेहरा मात्र असा उतरला... तिनं बघितला तो चेहरा. आणि तिला आवडला, खोटं कशाला बोला? इतक्या वर्षांत तो तिच्यामुळे कधी उतरला नव्हता.

मग ती पिशवी पायाशी ठेवू लागली आणि हात शालीखाली. बेत साधा होता: दिवा लागेल, हा घाबरेल, गाडी विकेल. पण दुसऱ्यांदा दिवा लागला आणि त्यानं घाईनं विचारलं, "दिसला ना तुला?" तेव्हा 'हो' म्हणायचं ठरलेलं असताना तिच्या तोंडून "कुठे?" निघालं. आणि त्या एका शब्दानं जे झालं ते दिव्यानं कधीच झालं नसतं: त्याला गाडीऐवजी स्वतःचाच संशय येऊ लागला.

कारण हा डाव मुळात त्याचा होता. म्हणजे, तो 'भास' म्हणायचा. गॅसचा वास येतोय हो — भास. जिन्यात कुणीतरी उभं आहे — भास. तुमच्या शर्टाला कसला हा वास... भास, भास. अहो, इथे छातीत गाठ लागतेय हाताला. "भास होतो तुला. रिकामं मन." वर्षभर भास होत राहिला, वाढत राहिला, आणि मग तो कापून काढावा लागला, अर्ध्या छातीसकट. तेव्हा तिच्या खाटेशेजारी उभा राहून तो डॉक्टरांना म्हणाला, "मी हिला केव्हापासून सांगतोय, दाखवून घे." इतक्या सहज म्हणाला की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं होतं.

सकाळी फिटरनं सगळी गाडी तपासली होती. वायरी, फ्यूज, ब्रेक ऑइलची पातळी (ती उतरली तरी हाच दिवा लागतो). शेवटी हात पुसत म्हणाला, "काका, काहीच नाहीये. कॉम्प्युटरसुद्धा लावला. काकू, तुम्हाला कधी दिसलाय?"

"मला? छे. मी तर शेजारीच असते."

फिटर मग त्याच्याकडे वळला आणि आवाज थोडा वाढवून, थोडा गोड करून म्हणाला, "काका, रात्रीची झोप वगैरे होते ना नीट?"

सासरे शेवटी शेवटी रिकाम्या खुर्चीशी बोलायचे, त्या खुर्चीलाच चहा पी म्हणून आग्रह करायचे. हा तेव्हा दारातून बघायचा, आत जायचा नाही. जगात त्याला भीती असलीच तर एवढी एकच आहे हे तिला ठाऊक होतं. बायकोशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर नेम चुकत नव्हता.

गॅरेजमधून निघाल्यावर तो सिग्नल लागला होता. त्यापुढच्या मैदानात त्यानं गाडी घातली, बाह्या वर केल्या आणि स्वतःच ब्रेकमधली हवा काढायला बसला. पेडलवर तिला बसवलं. "दाब... धरून ठेव... सोड." एकेका चाकामागचा छोटा नट सैल करायचा, ऑइल येऊ द्यायचं, नट आवळायचा. तिचा पाय भरून आला, तरी ती निमूटपणे दाबत, सोडत राहिली. शेवटी तो समोर आला, हात काळे, कपाळावर ऑइलचा पट्टा.

"चौथ्या चाकाचा नट मी आवळला ना गं?"

सीटवरून चौथं चाक दिसत नाही. ते त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं विचारलं, लहान मूल विचारतं तसं — आणि तिला कीव यायला हवी होती.

"दोनदा आवळलात," ती म्हणाली. "आठवत नाही?"

तो थांबला. त्या बाजूला दोन पावलं टाकली, मग नुसतीच मान हलवली आणि हात पुसायला लागला. पूर्वीचा असता तर तीनदा जाऊन बघून आला असता. पण आता जाऊन बघणं म्हणजे आपलाच आपल्यावर भरवसा नाही हे बायकोसमोर कबूल करणं... तो गेला नाही. तिनंही 'बघून या' म्हटलं नाही. नट आवळला असेलच, माणूस सवयीनं आवळतोच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि विषय संपवला.

"चिकटपट्टी लावून टाका त्या दिव्यावर," ती म्हणाली. "नसलेला दिवा दिसायचा तरी बंद होईल."

त्यानं खरंच लावली. काळी पट्टी, नखानं कडा दाबून.

घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर तो म्हणाला, "पेडल जरा मऊ लागतंय." आणि लगेच, हळू आवाजात, "नाही... मलाच वाटतंय." थोड्या वेळानं पुन्हा, "खाली उतरलो की लेकीला फोन कर. खोली बघ म्हणावं. नको आता हे." इतकं सरळ! सुंठीवाचून खोकला गेला. तिला झाड दिसलं, खिडकी दिसली. त्याच्याकडे बघून थोडं वाईटही वाटलं, जिंकल्यावर वाटतं तेवढं. शालीखालचं बोट आता कायमचं मोकळं झालं, म्हणून तिनं दोन्ही हात बाहेर काढले आणि मांडीवर एकमेकांत गुंफून ठेवले.

उतार सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं. आणि पट्टीच्या कडेला लाल रेघ उमटली.

तिनं हातांकडे बघितलं. दोन्ही तिथेच होते. दांडा खाली, पिशवी पायाशी. रेघ विझली, वळणावर पुन्हा आली, आणि मग तशीच राहिली. चौथं चाक... दोनदा आवळलात, आठवत नाही?... सांगायला हवं. पण नुसतं 'दिवा लागलाय' सांगून तो कसा ऐकणार? आधीचे सगळे माझे होते, हा माझा नाही, असं सांगावं लागेल. म्हणजे बोट, शाल, फिटर, खुर्ची, सगळंच.

"अहो..." ती म्हणाली. "दिवा लागलाय. थांबवा."

त्यानं वळूनही बघितलं नाही. पण तो हसला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि डावा हात तिच्या गुंफलेल्या हातांवर ठेवून मायेनं थोपटत म्हणाला, "भास होतोय तुला."

समोर रस्ता खाली खाली जात होता. तिच्या तोंडात पुढची सगळी वाक्यं तयार होती. पण त्याआधी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, तिला अगदी मनापासून वाटलं की त्याचं खरं असावं.