होडी ओढायचा मान

माणसाची किंमत तो काय ओढतो यावर ठरत नाही, कशानं ओढतो यावर ठरते. हा सिद्धांत सरपंच शंभुलिंगअप्पांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडला, तेव्हा ज्या होडीबद्दल बोलणं चाललं होतं ती लोहाऱ्याच्या सरकारी आवारात पालथी पडली होती आणि तिच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती.

होडी धुळाप्पाची, योजनेतून मिळालेली. वीस वर्षं हा माणूस ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तलावात जाळं टाकत आला. गेल्या महिन्यात ट्यूब मधोमध फुटली. बाहेर काढला तेव्हा तो निम्मा तलाव प्यायलेला होता. त्याच्या बायकोनं, गजराबाईनं, घरातली दुसरी ट्यूब त्याच दिवशी कोयत्यानं फाडली. आता होडी आली तर धंदा, नाहीतर घरी बसणं. योजनेच्या साहेबांची अट एकच: शुक्रवारी पाचच्या आत होडी पाण्यात दिसली पाहिजे, फोटो काढायचाय. नाहीतर ती यादीतल्या पुढच्याला.

लोहाऱ्यापासून तलाव चौदा किलोमीटर. पण आमच्या गावात यात्रेचा गाडा कुणाच्या बैलांनी ओढायचा याचा मान ठरलेला असतो, आणि मान ठरल्याशिवाय चाक हलत नाही. होडी तर गावात पहिल्यांदाच येत होती.

"गाडा आमची बैलं ओढतात. मंग होडीला आमचाच ट्रॅक्टर," रणधीर पाटील म्हणाला. "ढोकीच्या कारखान्याला दोन-दोन ट्रॉल्या ऊस नेतो त्यो."

"ऊस येगळा," अप्पा म्हणाले. "होडी सरकारची हाय. तिला माझी नवी जीप लागंल."

"तिला मागं हूक तरी हाय का?"

"हूक बाजारात मिळतो, पाटील. इज्जत मिळत न्हाय."

सोमवारपासून गुरुवारपर्यंत बैठक चालली. शेवटी तोड निघाली: पुढं ट्रॅक्टर, त्याला जीप बांधायची, जिपेला होडी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दोर कुणाच्या घरचा, या मुद्द्यावर बैठक मोडली. गजराबाई चारही दिवस ओट्याखाली उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही.

शुक्रवारी दुपारी ती धुळाप्पाला घेऊन लोहाऱ्याच्या जीप-थांब्यावर गेली. वडापवाल्या, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन जीप भरणाऱ्या, शरणप्पानं विचारलं, "किती वजन हाय मावशी?"

"चार माणसं उचलत्यात."

"मंग टपावर टाका की. सहा जण तर रोज बसत्यात."

जीप आवारात आली, आतल्या बाया-बाप्यांनीच उतरून हात लावला. होडी पालथी टपावर चढली, दोरानं बांधली गेली आणि पावणेपाचला तलावावर उतरली.

काठावर पाटलांचा ट्रॅक्टर होता, अप्पांची जीप होती, हार होते. साहेब मोबाइल धरून उभे. पाणी पन्नास पावलांवर.

"आता एवढी पन्नास पावलं तरी गावाच्या मानानं जाऊ द्या," असं म्हणत अप्पा होडीपुढं आले. "आधी दोन शब्द बोलतो."

गजराबाईनं पदर खोचला.

"बोला की. चार दिस तेच केलंत. माझा मालक पाण्यात बुडत व्हता तवा ह्या ट्रॅक्टरला तळ्याची वाट सापडली न्हाय. जिपेला न्हाय. आज हार घिऊन बरी सापडली. मान पायजे तुमाला? घ्या की. त्यो बुडाला आसता तर तिरडी उचलायला तुमचाच मान व्हता, पाटील. त्यो मेला न्हाय, ही त्याची चूक झाली."

पाटील ट्रॅक्टरच्या टायरकडं बघू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाचला सहा मिनिटं कमी. शरणप्पा न् वडापातली माणसं होडीच्या दोन्ही बाजूंनी वाकली, धुळाप्पा मागून रेटायला लागला.

"गजराबाई, चुकलं आसंल आमचं," अप्पा घसा खाकरून म्हणाले. "पण गाव म्हटल्यावर काय रीतभात..."

गजराबाईनं होडीचा दोर मुठीला गुंडाळला, ओढला. तो आला नाही. तिनं खाली पाहिलं.

"अप्पा, पाय उचला जरा. दोर तुमच्या चपलेखाली हाय."